बायबलचा सखोल अभ्यास मंडळीने मिळून कसा करावा? फिलेमोनाच्या पत्राच्या निमित्ताने

आजचा विषय आहे ख्रिस्ती मंडळीत होणारा बायबलचा सखोल अभ्यास. विषय मोठा आहे, आणि मोठ्या विषयावर हवेत बोलणे फार सोपे असते. म्हणून आम्ही एक पथ्य पाळणार आहोत. अभ्यासाविषयी नुसते बोलण्याऐवजी आज एक छोटा मजकूर हातात घेऊ आणि अभ्यास करूनच बघू. मजकूर आहे पौलाने फिलेमोनाला लिहिलेले पत्र. नव्या करारात शोधायला गेलात तर पान उलटताना निसटून जाईल इतके लहान. एकच अध्याय, पंचवीस वचने, मूळ ग्रीकमध्ये सुमारे 335 शब्द. मोठ्याने वाचले तर चार मिनिटे लागतात.

एवढ्याशा पत्राला घेऊन तासभर काय बोलायचे, असे काहींना वाटेल. पण याच पत्राचा आधार घेऊन माणसांना साखळदंडात परत पाठवले गेले आहे, आणि याच पत्राचा आधार घेऊन साखळदंड तोडा असेही सांगितले गेले आहे. ग्रंथ एकच, शब्द तेच. मग फरक कुठे पडला? वाचण्यात पडला. वाचन कसे करावे हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही, तो का, हे यावरून लक्षात येईल.

आधी ‘सखोल’ म्हणजे काय?

बायबल वाचणे आणि बायबलचा अभ्यास करणे यांत फरक आहे. पुष्कळ घरांत सकाळी एखादे वचन वाचले जाते, संडे स्कूलमध्ये मुलांकडून वचने पाठ करून घेतली जातात. ही चांगलीच सवय आहे, तिच्यामुळे ग्रंथ जिभेवर राहतो. पण तिचा एक तोटाही आहे. आपल्याला ग्रंथ तुकड्यातुकड्यांनी दिसू लागतो. खरे तर हे तुकडे मूळचे नाहीतच. आज जी अध्यायांची विभागणी आपण वापरतो, ती तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या स्टीफन लँग्टन यांच्या नावावर आहे. नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे घातले ते रोबेर एतिएन या मुद्रकाने, 1551 साली. म्हणजे पौलाने पत्र लिहिले तेव्हा ‘वचन सोळा’ असे काही नव्हते. पत्र होते. पत्र कसे वाचतात? पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एका बैठकीत. आपल्या मुलाचे पत्र आले तर आपण त्यातली मधलीच एक ओळ काढून भिंतीवर लावतो का? आधी सगळे वाचतो, मग पुन्हा वाचतो, मग घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवतो.

हे ‘वाचून दाखवणे’ महत्त्वाचे आहे. बायबलमध्येच त्याचे दाखले आहेत. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत लोकांसमोर नियमशास्त्र वाचतो आणि लेवी लोकांमध्ये जाऊन अर्थ समजावून सांगतात. प्रेषितांच्या कृत्यांत कूश देशाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचतो आहे. फिलिप्प त्याला विचारतो, जे वाचतोस ते कळते का? तो म्हणतो, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे कळणार? मोठ्या हुद्द्याचा, शिकलेला माणूस आहे तो. तरी त्याला सोबत लागते.

आपल्याकडेही ही परंपरा नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि 1616 साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. ते ओवीबद्ध आहे. ओवी का? कारण ती ऐकायची असते, दहा जणांनी एकत्र बसून. पुढे 1811 साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून विल्यम केरी यांनी मराठी नवा करार काढला, त्यांना मराठीसाठी पंडित वैजनाथांची मदत होती. आणि पंडिता रमाबाईंनी तर केडगावला बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, अख्खे बायबल मराठीत आणले. 1922 साली त्यांचे निधन झाले, त्याच्या थोडेच आधी ते काम पुरे झाले होते. कोणासाठी केले त्यांनी हे? साध्या, खेड्यातल्या बायकांना कळावे म्हणून. अगदी आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. ही सगळी माणसे मुळात अभ्यासकच होती, कारण भाषांतराइतके बारीक वाचन दुसरे कोणते नाही.

अर्थ ठरवायचा कसा?

आता आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. त्यामुळे आमच्या पेटीतले एक हत्यार काढतो. ते आहे मीमांसकांचे आणि वेदान्त्यांचे. एखाद्या ग्रंथाचे किंवा प्रकरणाचे तात्पर्य कशात आहे, हे ठरवायला त्यांनी सहा खुणा सांगितल्या: उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे सुरुवात आणि शेवट, अभ्यास, म्हणजे काय पुन्हा पुन्हा आले आहे, अपूर्वता, म्हणजे दुसरीकडे न मिळणारे असे नवे काय आहे, फल, म्हणजे त्यातून काय साधायचे आहे, अर्थवाद, म्हणजे स्तुती किंवा निंदा कशाची केली आहे, आणि उपपत्ती, म्हणजे युक्तिवाद काय आहे. यातला ‘अभ्यास’ हा शब्द गमतीचा आहे बघा. मराठीत अभ्यास म्हणजे शिकणे, तिथे अभ्यास म्हणजे पुनरावृत्ती. पण खरा अभ्यास पुनरावृत्तीशिवाय होतो कुठे?

कोणी म्हणेल, वेदवाक्यांसाठी केलेली साधने बायबलला कशी चालतील? तराजू धान्य तोलायला केला म्हणून त्यात कापूस तोलता येत नाही असे नाही. या सहा खुणा कोणत्याही सुसंगत मजकुराला लावता येतात. लावून बघू.

आधी पत्रातली गोष्ट. पौल तुरुंगात आहे. कुठल्या गावच्या तुरुंगात, यावर विद्वानांत मतभेद आहेत, काही रोम म्हणतात, काही इफिस. फिलेमोन हा बऱ्या परिस्थितीतला गृहस्थ, त्याच्या घरी मंडळी जमते. अनेसिम हा त्याचा गुलाम. तो पौलाकडे आला आहे, तुरुंगातच त्याने विश्वास धरला आहे, आणि आता पौल त्याला पत्र देऊन मालकाकडे परत पाठवतो आहे. एवढेच.

पहिली खूण, उपक्रम आणि उपसंहार. पत्र कोणाला आहे? आपण म्हणतो फिलेमोनाला. पण पहिल्या तीन वचनांत पाहा: फिलेमोन, अफ्फिया नावाची बहीण, अर्खिप्प, आणि घरात जमणारी मंडळी. नंतर मधला जवळजवळ सगळा भाग एकवचनी आहे, तू, तुझा, तुला. आणि शेवटी, बाविसाव्या वचनाच्या उत्तरार्धात आणि पंचविसाव्यात, पुन्हा अनेकवचन. म्हणजे बोलणे एकट्याशी, पण सगळ्यांच्या देखत. इंग्रजीत आता एकच शब्द उरल्यामुळे हा फरक दिसेनासा होतो. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहेत, आपल्याला तो दिसू शकतो. अर्थात आपल्या ‘तुम्ही’त आदरही असतो, त्यामुळे लक्ष दिले नाही तर आपलाही घोटाळा होतो. पण मुद्दा समजला ना? गुलामाचे काय करायचे हा रोमन कायद्याने मालकाचा खाजगी प्रश्न होता. पौलाने तो बैठकीच्या खोलीत आणून ठेवला. आता फिलेमोनाला उत्तर एकट्याने द्यायचे आहे, पण मंडळी ऐकते आहे.

दुसरी खूण, अभ्यास. या छोट्या पत्रात एक ग्रीक शब्द तीनदा येतो: ‘स्प्लांख्ना’. त्याचा शब्दशः अर्थ आतडी, पोटातले अवयव. भाषांतरांत बहुधा ‘अंतःकरण’ किंवा ‘हृदय’ येते. पण मराठी माणसाला समजावून सांगायला नको, आपल्याकडे आतडे पिळवटते, आतडे तुटते, माया पोटात असते. सातव्या वचनात पौल म्हणतो, की फिलेमोनामुळे पवित्र जनांची आतडी निवली. बाराव्यात म्हणतो, की अनेसिम म्हणजे माझे आतडे, तेच मी पाठवतो आहे. विसाव्यात म्हणतो, माझे आतडे निवव. तिन्ही एका सरळ रेषेत ठेवा. तू लोकांची आतडी निववणारा माणूस आहेस. हा माणूस माझे आतडे आहे. तेव्हा माझे आतडे निवव. पौलाने हुकूम दिलेला नाही. पण यातून सुटायला वाट तरी ठेवली आहे का? सुटी सुटी वचने पाठ करणाऱ्याला ही साखळी दिसणार नाही.

तिसरी, अपूर्वता. मालकाला मित्राने पत्र लिहून कोणासाठी रदबदली करणे त्या काळी नवे नव्हते. इसवी सन 100 च्या आसपासचे धाकट्या प्लिनीचे असेच एक पत्र आहे. मित्राचा एक मुक्त केलेला गुलाम प्लिनीकडे आला, पाया पडला, म्हणून प्लिनी त्याला क्षमा करायची विनंती करतो. दोन पत्रे शेजारी ठेवली की अपूर्व काय ते लख्ख दिसते. प्लिनी म्हणतो, हा पश्चात्ताप पावला आहे, याला माफ कर. पौलाच्या पत्रात अनेसिमाच्या पश्चात्तापाचा शब्दही नाही, आणि क्षमेची याचनाही नाही. तिथे मागणी आहे सोळाव्या वचनात, की त्याला यापुढे गुलाम म्हणून नाही, गुलामापेक्षा अधिक, प्रिय बंधू म्हणून घे. आणि पुढची जोड महत्त्वाची: ‘देहानेही आणि प्रभूमध्येही’. देहाने म्हणजे रोजच्या व्यवहारात. प्रार्थनेपुरता भाऊ आणि स्वयंपाकघरात नोकर, ही पळवाट त्या दोन शब्दांनी बंद केली आहे.

चौथी, फल. सतरावे वचन: मला भागीदार समजत असशील तर त्याला माझ्यासारखा समजून घरात घे. आणि मग बाविसाव्यात सहज म्हटल्यासारखे: माझ्यासाठी पाहुण्यांची खोली तयार ठेव. म्हणजे पौल येऊन बघणार आहे.

पाचवी, अर्थवाद. चार ते सात वचनांत फिलेमोनाची स्तुती आहे. ती तोंडपूजा नाही. ज्या गुणांची स्तुती केली, प्रेम, विश्वास, सहभागिता, तेच गुण पुढे कामाला लावायचे आहेत.

सहावी, उपपत्ती. इथे पौल एकदम सावकाराच्या भाषेत बोलतो. त्याने तुझे काही नुकसान केले असेल, काही देणे असेल, तर ते माझ्या नावे मांड. मी पौल स्वदस्तुर लिहितो, मी फेडीन. आणि लगेच, तू स्वतःच माझे देणे आहेस हे मी बोलत नाही! म्हणत नाही म्हणता म्हणता म्हणून टाकले. हिशेबाची वही उघडली तर जमा कोणाच्या बाजूला निघेल, हे फिलेमोनाला कळले असणार.

सहाही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात. पत्राचे तात्पर्य ‘पळालेल्या गुलामाने परत यावे’ यात नाही. ते ‘मालकाने नाते बदलावे’ यात आहे. पत्र मालकाला लिहिले आहे, गुलामाला नाही, हे इतके साधे सत्य.

लिहिलेले, अनुमानलेले आणि लावून घेतलेले

इथे एक सवय लावून घ्यायची आहे. अभ्यासमंडळात बोलताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: मजकुरात काय लिहिले आहे, त्यावरून आपण काय अनुमान करतो, आणि आपल्या जीवनाला काय लावतो. तिन्ही हव्यात, पण मिसळू नयेत.

उदाहरण घ्या. अनेसिम पळून गेला होता का? शंभरातले नव्वद वाचक म्हणतील, हो. संत योहान ख्रिसोस्तोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस तसेच समजून प्रवचने केली, आणि ती समजूत रूढ झाली. पण पत्रात ‘पळाला’ हा शब्द नाही. ‘थोडा काळ वेगळा झाला’ असे आहे. ‘काही नुकसान केले असेल तर’ असे आहे, त्यात ‘तर’ आहे. काही अभ्यासक म्हणतात, की तो मालकाशी बेबनाव झाल्यावर मध्यस्थी मागायला मालकाच्या मित्राकडे आला असेल. म्हणजे पळून जाणे हे अनुमान आहे. असेलही बरोबर. पण अनुमान आहे हे माहीत असणे वेगळे, आणि ते लिहिलेलेच आहे असे समजणे वेगळे. चोर, पळपुटा हे शिक्के आपण किती सहज मारतो! आणि कोणावर मारतो? ज्याला पत्र लिहिता येत नाही त्याच्यावर.

तसेच दुसऱ्या बाजूनेही प्रामाणिक राहिले पाहिजे. पौलाने ‘त्याला कायद्याने मुक्त कर’ असे स्वच्छ लिहिले आहे का? नाही. एकविसाव्या वचनात ‘मी म्हणतो त्याहून अधिक तू करशील’ एवढेच आहे. ते ‘अधिक’ म्हणजे मुक्ती, हे पुष्कळांचे अनुमान आहे. आम्हालाही ते पटते. पण पटते म्हणून ते मजकुरात घुसडायचे नाही. शिवाय एकाच पत्रावर थांबायचेही नाही. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात गुलामांनी धन्याचे ऐकावे असेही आहे, आणि त्याच पत्रात अनेसिमाचे नाव विश्वासू, प्रिय बंधू म्हणून आहे. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात तर धन्यापासून पळून आलेल्या दासाला परत देऊ नका, त्याला हव्या त्या गावी राहू द्या, अशी आज्ञा आहे. ही वचने एकमेकांसमोर ठेवली की ताण निर्माण होतो. सखोल अभ्यास तो ताण लपवत नाही.

एका शब्दाचे वजन

आता भाषांतराबद्दल एक गोष्ट, जी मराठी वाचकालाच विशेष लागू आहे. मूळ शब्द आहे ‘दूलोस’. आपल्या रुळलेल्या भाषांतरांत त्याला ‘दास’ शब्द आहे. आता ‘दास’ म्हटल्यावर मराठी कानाला काय ऐकू येते? रामदास. दासबोध. भक्ताने स्वतःहून घेतलेली नम्रता. तो शब्द आपल्याकडे गोड झालेला आहे. पण अनेसिम असा दास नव्हता. त्याला विकता येत होते, फटके मारता येत होते. त्याचे ‘अनेसिम’ हे नावसुद्धा ‘उपयोगी’ अशा अर्थाचे, गुलामांना सर्रास दिले जाणारे. अकराव्या वचनात पौल त्यावर कोटी करतो, की पूर्वी निरुपयोगी होता, आता तुला नि मला उपयोगी आहे.

‘दास’च्या जागी ‘गुलाम’ ठेवून पत्र पुन्हा वाचा. एकदम वेगळे लागते. आणि ‘गुलाम’ म्हटले की महाराष्ट्रात आणखी एक पुस्तक आठवते. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी निग्रो गुलामांची सुटका केली. पुण्यात बसलेल्या माणसाला तिकडची गुलामी आणि इकडची जात यांचे नाते दिसले होते. ‘दास’ शब्दाने ते नाते झाकले जाते. आम्ही असे म्हणत नाही की ‘दास’ शब्द चूक आहे. जिथे पौल स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो तिथे तो शोभतोही. पण अभ्यासाला बसताना दोन-तीन भाषांतरे शेजारी ठेवावीत, ती याचसाठी. शब्द जिथे वेगळा पडतो तिथे थांबावे आणि विचारावे, का?

मंडळीने मिळून का?

आता मुख्य गोष्ट. हे सगळे एकट्याने खोलीत बसून करता येणार नाही का? बरेचसे येईल. मग मंडळी कशाला?

जर्मन तत्त्वज्ञ गाडामेर यांनी 1960 साली ‘सत्य आणि पद्धती’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला. त्यांचे सांगणे थोडक्यात असे, की कोरे मन घेऊन कोणीच वाचत नाही. प्रत्येकाजवळ पूर्वग्रह असतात. ते टाळता येत नाहीत, पण ते दिसू शकतात, आणि दिसतात केव्हा? जेव्हा समोर वेगळा माणूस किंवा वेगळा मजकूर उभा राहतो तेव्हा. स्वतःच्या डोळ्यांना स्वतःचा चष्मा दिसत नाही.

याचा पुरावा इतिहासात आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात चार्ल्स कोलकॉक जोन्स नावाचे पाळक होते. ते स्वतः मळेवाले, गुलाम बाळगणारे, आणि गुलामांना ख्रिस्ती शिक्षण द्यावे या मताचे. 1833 साली त्यांनी गुलामांच्या मोठ्या सभेत फिलेमोनाच्या पत्रावर उपदेश केला आणि पळून जाणे कसे वाईट ते सांगितले. निम्मे लोक सरळ उठून चालते झाले. काही म्हणाले, असे पत्र बायबलात नाहीच. काही म्हणाले, ही सुवार्ता नाही. हे सगळे जोन्स यांनी स्वतःच अहवालात लिहून ठेवले आहे.

विचार करा. उठून गेलेल्या त्या लोकांना अक्षरओळखही करू दिली जात नव्हती. ग्रीक तर दूरच. जोन्स शिकलेले होते. पण त्या दिवशी पत्राच्या तात्पर्याजवळ कोण होते? आत्ताच आपण सहा खुणा लावून पाहिल्या. पळू नये हा उपदेश त्या पत्रात कुठेच नाही. तो उपदेश त्यात आहे असे सांगितले गेले, तेव्हा ‘असे पत्र बायबलात नाही’ हे त्यांचे म्हणणे एका अर्थाने अचूक ठरते. पुढे 1850 साली पळालेल्या गुलामांना परत पाठवण्याचा कठोर कायदा अमेरिकेत झाला, तेव्हाही या पत्राचा हवाला दिला गेला. आणि त्याची जखम किती खोल? हॉवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय धर्मचिंतकांनी लिहून ठेवले आहे, की त्यांची आजी, जी गुलामीत वाढली, ती नातवाकडून बायबल वाचून घेई, पण पौलाची पत्रे वाचू देत नसे. अपवाद फक्त करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या प्रीतीच्या अध्यायाचा.

म्हणून मंडळी लागते. पण कोणती मंडळी? सगळे फिलेमोन एकत्र बसले तर ती मंडळी नव्हे, ती मालकांची बैठक. त्या घरात पत्र वाचले गेले तेव्हा बहुधा अनेसिम तिथे उभा होता, आणि अफ्फिया ऐकत होती. आपल्या अभ्यासमंडळात कोण बसते ते एकदा मोजून पाहा. सगळे एकाच आडनावांचे, एकाच वस्तीतले, एकाच पगारातले असतील, तर कितीही कोश आणले तरी वाचन उथळच राहील.

आणि हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. ख्रिस्ती झाल्यावर जात गेली, असे आपण म्हणतो. पण लग्न जमवताना पूर्वीची जात चौकशीत येतेच ना? 2016 साली भारतातल्या कॅथॉलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, त्यात चर्चच्या आतही भेदभाव आहे हे मान्य केले. ‘प्रभूमध्ये’ भाऊ आणि ‘देहाने’ वेगळा, हीच ती पळवाट, जी सोळाव्या वचनाने बंद केली होती. ती आपण पुन्हा उघडली.

प्रत्यक्षात कसे बसावे?

थोडे व्यवहाराचे. आठ ते बारा माणसे पुरेत. पहिल्या दिवशी चर्चा नको, पत्र दोनदा मोठ्याने वाचा, दोन वेगळ्या आवाजांत. दुसऱ्या दिवशी माणसांची यादी करा: कोण बोलतो, कोणाविषयी बोलले जाते, आणि कोणाला बोलायलाच मिळालेले नाही. अनेसिमाच्या तोंडी संबंध पत्रात एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी भाषांतरे शेजारी ठेवा. चौथ्या दिवशी त्या सहा खुणा. पाचव्या दिवशी बायबलमधली संबंधित वचने आणि इतिहासात हे पत्र कसे वापरले गेले ते. आणि सहाव्या दिवशीच, त्याआधी नाही, ‘आपल्याला काय’ हा प्रश्न. घाईने उपयोजनावर उडी मारली की आपल्याला आधीच माहीत असलेलेच आपण ग्रंथातून काढतो.

बोलण्याचा एक नियम: प्रत्येकाची एकदा पाळी झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचे नाही. पाळकांनी किंवा फादरांनी शेवटी बोलावे. जाणकार हवाच, त्याशिवाय ‘दूलोस’ नि ‘स्प्लांख्ना’ कोण सांगणार? पण जाणकार आधी बोलला की बाकीचे मान डोलावतात.

आणि शेवटी थोडा वेळ गप्प बसावे. बाराव्या शतकातल्या गिगो या मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्या सांगितल्या. आपल्याकडे श्रवण, मनन, निदिध्यासन आहेच. दोन्हीकडे पहिली पायरी कानाची आहे, आणि दोन्हीकडे अभ्यास माहितीपाशी संपत नाही.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

एका भगिनींनी विचारले आहे, इतकी चिकित्सा केल्यावर श्रद्धा डळमळीत होणार नाही का? ताई, प्रश्न रास्त आहे. पण बघा, आपण चिकित्सा कशाची केली? पत्राची केली, की पत्राविषयी आपण धरून चाललेल्या समजुतींची? त्या समजुती हलतात, आणि हलाव्यात. सहा खुणांनंतर पत्र लहान झाले का? आमच्या मते ते मोठे झाले. कॅथॉलिक परंपरेतही 1943 साली पोप पायस बारावे यांनी ग्रंथांचे साहित्यप्रकार ओळखून अभ्यास करण्याला मोकळीक दिली, आणि 1965 सालच्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजाने सर्व भाविकांना बायबल वाचायला सांगितले. बारकाईने वाचणे हा अविश्वास नाही. ज्याच्यावर प्रेम असते त्याचेच पत्र आपण दहादा वाचतो.

दुसरा प्रश्न एका तरुण मित्राचा: आमच्या गावच्या मंडळीत ग्रीक येणारे कोणी नाही, पुस्तकेही नाहीत, मग आम्ही काय करावे? भाऊ, तुमच्याकडे तीन भाषांतरे मिळवणे अवघड नाही. बाकी बरेचसे नुसत्या लक्षपूर्वक वाचण्याने मिळते. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ कुठे बदलते, हे पाहायला ग्रीक लागत नाही, फक्त शेजारी कोणी तरी विचारणारा लागतो. एक सुचवतो. या आठवड्यात हे पत्र घरी मोठ्याने वाचा. घरी किंवा शेतावर कोणी कामाला येत असेल, तर त्यांनाही बसायला सांगा, खुर्चीवर. वाचून झाले की पहिला प्रश्न त्यांना विचारा: या पत्रात तुम्हाला काय ऐकू आले? आणि उत्तर मध्येच तोडू नका.